संध्याकाळचे पाच ते सात

लग्नं जुळवण्याच्या धंद्यात मी बावीस वर्षं काढली आणि त्यात मला एक गोष्ट पक्की कळली. लोक मुलाचा पगार विचारतात, शेती विचारतात, घराला किती खोल्या ते विचारतात. मुलगा घरी किती वाजता येतो हे कुणी विचारत नाही. मग लग्नानंतर माझ्याकडेच रडत येतात. अमरावतीच्या रुक्मिणीनगरात माझं वधू-वर सूचक केंद्र होतं. केंद्र म्हणजे घराची पुढची खोली, बायोडाट्यांनी भरलेली दोन कपाटं आणि एक खडखडणारा टेबलफॅन. पुढे ज्याच्या त्याच्या फोनमध्येच केंद्र आलं आणि माझ्या पायऱ्या चढणं लोकांनी सोडून दिलं.

पण लोकांची सवय सुटत नाही. ज्यांची लग्नं मी जुळवली त्यांची पोरं बारावी झाली आणि आया मला विचारू लागल्या, "ललिताबाई, पोराले आता कोणत्या लाइनले टाकू?" मला काय कळतं कॉलेजातलं! मी बी.ए., तेही कसंबसं. पण चौकशी करणं मला येतं. म्हटलं, स्थळ पाहतो तसंच पाहू. आधी पोराला विचारायचं, बाबा रे, तुला दिवस कसा पाहिजे? कुठे उठायचं, कुणासोबत जेवायचं, कोणती वेळ कुणाच्या बापालाही द्यायची नाही? मग त्या दिवसात बसेल असं काम हुडकायचं. आणि हुडकलं की घरचं एक वडीलधारं माणूस सोबत घेऊन, ते काम दहा-बारा वर्षं करणाऱ्याच्या घरी पाहणीला जायचं. चहा प्यायचा, घर पाहायचं, नवरा-बायकोचा चेहरा पाहायचा आणि परत यायचं.

हसू नका, जमतं हे. वरूडच्या एका पोराला बँकेत जायचं होतं. पाहणीला गेलो तर त्या बँकवाल्याचं सामान अजून खोक्यातच होतं, कारण सहा वर्षांत चौथी बदली. पोराला तर आईच्या हातची भाकर आणि संत्र्याचा बगीचा सोडून कुठेच जायचं नव्हतं. आज तो वरूडलाच फळांच्या पॅकिंगचं काम करतो, मजेत आहे आणि दर हिवाळ्यात मला संत्र्यांची एक पेटी पाठवतो. मी नाही म्हणत नाही.

तर पौर्णिमा. ही नांदगाव खंडेश्वरची. तिच्या आईवडिलांचं लग्न मीच जुळवलेलं. वडील किशोर, नांदगावात त्याचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. जुलैतल्या एका शुक्रवारी तो पोरीला घेऊन आला आणि बसायच्या आधीच बोलायला लागला.

"ललिताबाई, इथं इचाराचं काईच काम नाई. नीटमंदी आयुर्वेदाले नंबर लागून राहिला. साडेपाच वर्षं शिकन, अन मंग अकोल्याले अनुपच्या दवाखान्यात. अनुप माह्या वर्गातला. डॉक्टर होऊन ये, जागा देतो, असा शब्द देला त्यानं."

"मग माह्याकडे कायले आला?"

"इची आई म्हणे, एकदा ललिताबाईकडून होऊन या. म्हणून आलो."

पोरगी अठरा वर्षांची. खांदे रुंद, कोपरावर खपली, नजर सरळ. मी विचारलं, "काय व, तुले दिवस कसा पाह्यजे?"

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. "मावशी, संध्याकाळचे पाच ते सात मले मोकळे पाह्यजे. बाकीचा दिवस कोणालेबी द्या."

"पाच ते सात काय हाय?"

"कबड्डी."

किशोरने कपाळावर हात मारला. "घ्या! डॉक्टर होऊन राहिली अन हिचं ध्यान कबड्डीत."

"राज्याच्या टीममध्ये वगैरे खेळली काय तू?" मी विचारलं.

"नाई. तालुक्याच्या वर कधी गेली नाई. जाणारबी नाई, ते मले मालूम हाय. डावा कोपरा खेळते, बरी खेळते." मग म्हणाली, "पण ते दोन तास नसले ना मावशी, तर माह्या दिवसात काईच नाई. बारावीच्या पेपरातबी मी एक दिवस सोडला नाई. चाळीस वर्षांची झाली तरी मले पाच वाजता मैदानावर जायचं हाय."

मला ती पोरगी तिथेच आवडली. माझ्याकडे येणारी पोरं म्हणतात, मला काहीतरी करून दाखवायचंय. काय करून दाखवायचंय, कुणाला दाखवायचंय, विचारलं की फॅनकडे पाहतात. हिला आपल्या आयुष्यातलं काय राखायचं ते घड्याळासकट माहीत होतं.

आयुर्वेदाचा फॉर्म बुधवारपर्यंत भरायचा होता. एकदा भरला आणि सीट घेतली की साडेपाच वर्षं तर गेलीच, पुढचं आयुष्यही त्याच रस्त्याने जाणार. मधे फक्त शनिवार, रविवार, सोमवार आणि मंगळवार. मी म्हटलं, "किशोर, रविवारी अनुप डॉक्टरच्या घरी पाहणीला जाऊ. पोरीले पाहू दे तो संसार. मग ठरवा."

त्याला एकदम पटलं. अनुपचं घर पाहिल्यावर पोरगी हरखून जाईल याची त्याला खात्री होती. त्याने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. डॉक्टर दवाखान्यात होते, फोन त्यांच्या आईने, पार्वताबाईने उचलला.

"काकू, किशोर बोलतो, नांदगाववाला. रविवारी पाह्याले येऊन राहिलो. मी, माही बहीण, पोरगी अन ललिताबाई."

"ललिताबाई? त्या अमरावतीच्या? लग्नं जुळवतात त्या?"

"हो, त्याच."

"अरे मंग या ना बाप्पा! खुशाल या!" पार्वताबाईचा आवाज असा फुलला की मलाच बरं वाटलं.

इथे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे. डॉक्टरला अमोल नावाचा धाकटा भाऊ आहे, एकोणतीस वर्षांचा, दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात बसतो आणि त्याचं लग्न जमत नाहीये, हे मला ठाऊक नव्हतं. पण बावीस वर्षं हाच धंदा केलेल्या बाईने एवढं तरी ओळखायला हवं होतं की ललिताबाई, बाप, आत्या आणि उपवर मुलगी रविवारी "पाहायला" येतात म्हटल्यावर समोरचं घर काय समजणार.

रविवारी भाड्याची गाडी करून आम्ही निघालो. पौर्णिमाची आई दुकानात बसली. किशोरची मोठी बहीण मनकर्णाबाई चांदूर रेल्वेहून खास आली होती. ही बाई म्हणजे माझ्या तोडीची. त्यांच्या भावकीत एकही सोयरिक तिच्या चौकशीशिवाय झालेली नाही. तिने पिशवीत नारळ आणि ब्लाउजपीस घेतलं होतं.

"डॉक्टरकी पाहाले नारळ कायले?" मी म्हटलं.

"रिकाम्या हातानं कोणाच्या घरी जाते काय माणूस?" ती म्हणाली. झालं, उरलीसुरली कसरही त्या नारळाने भरून काढली.

अकोल्यातलं डॉक्टरचं घर दवाखान्याला लागूनच, मोठं दुमजली. सोफ्यांवर नवीन कव्हरं, टीपॉयवर फुलं. पार्वताबाईने इस्त्रीची साडी नेसलेली आणि नारळ पाहून तर तिचे डोळेच भरून आले. पोहे आले, आलुबोंडे आले, चिवडा आला. मोठी सून शालू, म्हणजे डॉक्टरची बायको, ताटल्या आणून ठेवत होती आणि पौर्णिमाकडे बघून उगाच गोड हसत होती. मला वाटलं, काय अगत्य आहे लोकांना!

किशोरने लगेच मुद्द्याला हात घातला. "काकू, अनुप घरी किती वाजता येते?"

"सहाले," पार्वताबाई म्हणाली. "सहाच्या ठोक्याले. आमच्या घराची शिस्तच हाय. सातले सगळे एकत्र जेवतात. टीव्ही बंद."

शालूला ठसका लागला आणि ती आत गेली.

किशोरने माझ्याकडे निवडणुकीत निवडून आल्यासारखं पाहिलं. मग पोरीकडे वळला. "आइकलं? सहाले घरी! डॉक्टर लोकायले टाइम नसते म्हणत होती ना तू?"

पौर्णिमा माझ्या कानाशी आली. "मावशी, सहाले सुटत असन तर साडेसहाले इथल्याच एखाद्या मैदानावर जाता येईन. अर्धा तास तर अर्धा तास. लाइट लावून घेऊ." आणि बापाचं फुललेलं तोंड पाहून मोठ्याने म्हणाली, "बाबा, मंग चालते."

तिच्या दोन तासांचा तिने माझ्या डोळ्यांसमोर अर्धा तास केला होता, तोही हसतमुखाने. आणि मला पक्कं ठाऊक होतं की पाहणीच्या दिवशी बैठकीत कुणी खरं बोलत नाही. खरं काय ते स्वयंपाकघरात असतं. मनकर्णाबाईला ते माझ्याहून चांगलं ठाऊक. ती हात धुवायच्या निमित्ताने आत गेली आणि दोन मिनिटांनी येऊन माझ्या शेजारी टेकली. "आत एक ताट झाकून ठेवलं हाय," ती पुटपुटली. "रविवार हाय, एक वाजला, अन डॉक्टरचा पत्ता नाई."

तेवढ्यात पार्वताबाईने पौर्णिमाला जवळ बसवलं. "उंची किती व तुही?"

"पाच फूट पाच इंच."

"चांगली हाय. स्वयंपाक येते?"

"चहा येते," पौर्णिमा म्हणाली. "अन पकड चांगली येते."

"कायची पकड?"

"घोट्याची."

पार्वताबाईने तिला पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. पण पोरगी शिकलेली, निरोगी आणि उंच, तेव्हा घोट्याचं नंतर पाहू असं तिने ठरवलं असावं. तिने आत हाक मारली. "अमोल! ये रे, पाणी घेऊन ये."

अमोल आला. घडीच्या रेघा असलेला कोरा शर्ट, कॉलरला दुकानातली टाचणी तशीच. पाण्याचे ग्लास किणकिणत होते आणि त्याची नजर फरशीवर होती.

"हा आमचा धाकटा," पार्वताबाई म्हणाली. "लाजाळू हाय, पण मनाचा चांगला. तर मंग किशोर, साक्षगंध दिवाळीच्या आधी ठेवाचं का नंतर?"

किशोरच्या तोंडात अख्खा आलुबोंडा होता. तो गिळावा की बाहेर काढावा हे त्याला कळेना. मनकर्णाबाईने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला तेव्हा त्याचा श्वास सुटला. मी कपाळाला हात लावला. आणि पौर्णिमा आधी डोळे मोठे करून बसली आणि मग जे हसायला लागली ते थांबेचना.

"पार्वताबाई, माफ करा," मी म्हटलं. "माह्याच मुळे झालं हे. आमी मुलगा पाहाले नाई आलो. आमी डॉक्टरकी पाहाले आलो."

"डॉक्टरकी?" पार्वताबाई उभीच राहिली. "डॉक्टरकी कोणी घरी येऊन पाह्यते काय? नारळ घेऊन?"

मी सगळं समजावून सांगितलं. सांगताना मलाच ते फार विचित्र वाटायला लागलं. अमोल मात्र एकदम माणसात आला. "म्हणजे आज लग्न ठरत नाई ना?" त्याने विचारून खात्री करून घेतली, टाचणी काढून टेबलावर ठेवली आणि बसून तीन आलुबोंडे खाल्ले.

स्वयंपाकघराच्या दारात शालू डोळे पुसत उभी होती, हसून हसून आलेलं पाणी. "आई, आता खरं सांगू काय यायले?" आणि परवानगीची वाट न पाहता तिने सांगून टाकलं. "सहाले घरी! अकरा वर्षं झाली लग्नाले. संध्याकाळी सहाले मी यायले फक्त भिंतीवरच्या फोटोत पाह्यलं हाय. रात्री दहा वाजले तर मी म्हणते आज लवकर आले."

"मंग मी काय सांगू?" पार्वताबाई कडाडली. "पाहाले आलेल्या माणसायसमोर खरं बोलते काय कोणी?"

यावर मनकर्णाबाई आणि मी, दोघींनीही मान डोलावली. तिचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टर दोनला आले. बुटका, टकला, चेहऱ्यावर नुसता आनंद. घरातला गोंधळ ऐकून त्यांनी अशी मांडी थोपटली की ताटातली वाटी कलंडली. किशोर म्हणाला, "अन्या, तूच सांग आता पोट्टीले. डॉक्टरकी वाईट हाय काय?"

"वाईट? अबे, माह्यासारखा सुखी माणूस या गावात नाई," डॉक्टर घास घेत म्हणाले. "रात्री दोनले उठवलं तर मी चिडत नाई. निजलेला पेशंट उठून बसला की मले पोटभर जेवल्यासारखं वाटते. सुटीच्या दिवशी मले घरात करमत नाई, विचार शालूले."

"भिरभिर करतात," शालू म्हणाली.

"पण किशा, मले हे पाह्यजे होतं. मी मागून घेतलं." मग ते पौर्णिमाकडे वळले. "बेटा, लोक दिवसभर कामावर असतात. ते दवाखान्यात कवा येतात? पाच ते नऊ. तू आयुर्वेद करून माह्याकडे आलीस तर सगळ्यात आधी मी तुले तीच ड्युटी देईन. तुह्यासाठी पाच ते सात मी कुठून आणू? दवाखानाच पसंत असन तर चल, एका बाईले भेटवतो."

तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीत माधवीबाई होत्या, चाळिशीच्या. समोर एक म्हातारे गृहस्थ हात धरून कण्हत होते आणि त्या त्यांच्याशी त्यांच्या बैलांबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता हात नेमका पाहिजे तसा ठेवून घेतला आणि फोटो काढला. म्हातारबाबांना कळलंही नाही. पौर्णिमा काचेमागून बघत होती. पडद्यावर हाड उमटलं तेव्हा ती इतकी पुढे झुकली की तिचं नाक काचेला टेकलं.

"हे तुटलं हाय ना? मनगटाच्या वर?" ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?" माधवीबाईंनी विचारलं.

"आमच्या मैदानावर तिघीचं असंच तुटलं. मीच घेऊन गेली होती अमरावतीले."

माधवीबाईंनी सगळं सरळ सांगितलं. बारावीनंतर तीन वर्षांची डिग्री, अमरावतीत होते. सकाळची पाळी सात ते तीन; दुपारचे तीन ते नऊ दुसरा माणूस कायम घेतो. दर तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी, नऊ ते सकाळी सात, ती चुकत नाही. पगार डॉक्टरच्या जवळपासही नाही. लोक सिस्टर म्हणून हाक मारतात आणि नाव कुणाला आठवत नाही. "पण तीन वाजले की मी माझी," त्या म्हणाल्या. "घरी जाते, तासभर झोपते आणि पाच वाजता पेटी घेऊन बसते. गाणं शिकते आहे. गळा चांगला नाही, पण मला आवडतं." आणि खरोखरच तीन वाजता स्कूटीला किल्ली लावून त्या गेल्याही.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला चहाला थांबलो. चहा समोर आला तसा किशोर फुटला. "टेक्निशियन! पोरगी डॉक्टर होत होती अन मी तिले फोटो काढाले लावू? दुकानात येणाऱ्या लोकायले काय सांगू मी? अन कायच्यासाठी? तर हुतुतूसाठी!"

मला वाटलं, आता पोरगी भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती कपातल्या चहाकडे पाहत म्हणाली, "बाबा, तुमी म्हणसान ते करीन. बुधवारी भरून टाकू आयुर्वेद."

बापावर फार जीव होता तिचा, हे मला तिथे कळलं. हट्टी मुलींची मला काळजी वाटत नाही, त्या आपलं पाहून घेतात. अशा शहाण्या मुली वर्षानुवर्षं सगळ्यांचं ऐकतात आणि एक दिवस आपल्याला काय हवं होतं तेच विसरून जातात. अशा कितीतरी जणींची लग्नं मी लावली आहेत. त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी मनकर्णाबाईचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ललिताबाई, आपण दोघी शुद्ध मूर्ख हाओत."

"कावून?"

"डॉक्टरचं घर पाह्यलं, ताट पाह्यलं, त्या माधवीबाईची स्कूटीबी पाह्यली. पोरगी जे मागून राहिली ते कोणी पाह्यलं काय? ते मैदान? मी नाई पाह्यलं. तुमी पाह्यलं?"

मी नव्हतं पाहिलं. बावीस वर्षं मी मुलींना स्थळं दाखवत हिंडले, पण मुलगी जे मागे सोडून जाणार आहे ते एकदा पाहून यावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. लाज वाटली, खरं सांगते. "उद्या मी नांदगावले येते," मी म्हटलं. "पाच वाजता."

"मी किशोरले धरून आणते," ती म्हणाली.

मंगळवारी तिने त्याला खरोखरच धरून आणलं. फवारणीचे दिवस, दुकानात गिऱ्हाईक आणि तो पाऊण तास मनगटावरचं घड्याळ दाखवत होता म्हणे. नांदगावात जन्म गेला, पण संध्याकाळच्या या वेळी तो दुकानाबाहेर कधी पडला नव्हता. "दहा मिनिटं," तो मला म्हणाला. "पाह्यलं म्हणाले पाह्यतो अन जातो."

शाळेमागचं मैदान. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती, मुरूम टाकलेला, त्यावर चुन्याच्या रेषा. चौदा जणी होत्या, शाळेतल्या, कॉलेजातल्या, एक तर दोन लेकरांची आई. तिची लेकरं काठावर चिखलाचे बैल करत होती. पौर्णिमा आम्हाला पाहून दचकली. मग ओढणीसारखी काळजीही तिने काठावर ठेवली आणि आत गेली.

सुरुवातीला काही कळेना. धावपळ, आरडाओरड, "कबड्डी कबड्डी"चा गजर. मग ती दोन लेकरांची आई चढाईला आली. चांगली धिप्पाड बाई. पोरींना झुकांड्या देत डाव्या कोपऱ्यापर्यंत आली, पाय लांबवला आणि पौर्णिमा जमिनीसरशी झेपावली. दोन्ही हातांनी घोटा धरला. ती बाई थांबायला तयार नाही. पौर्णिमाला तशीच घसटत मधल्या रेषेकडे न्यायला लागली. एक हात, दोन हात, मुरुमावरून कोपर खरडतंय.

"सोड व!" किशोर ओरडला. "पौर्णिमा, सोड! लागन तुले!"

"सोडाचं नाई रे," मनकर्णाबाई म्हणाली. "तोच तर खेळ हाय."

रेषा वीतभर राहिली. बाई पुढे हात ताणते आहे, पौर्णिमाने डोळे मिटून घेतलेत, दात आवळलेत आणि घोटा तिच्या छातीशी आहे. किशोर केव्हा मैदानाच्या रेषेपर्यंत गेला त्याचं त्यालाही कळलं नसावं. आणि त्या माणसाच्या तोंडून, गावातल्या सगळ्या पोरींसमोर, दुकानात कधी निघाला नसेल असा आवाज निघाला.

"सोडू नको! पौर्णिमा, सोडू नको व! धरून ठेव!"

बाईचा दम तुटला. शिट्टी वाजली. उरलेल्या सहा जणी पौर्णिमाच्या अंगावर पडल्या आणि त्या ढिगाऱ्याखालून तिचं हसू ऐकू आलं. मनकर्णाबाई टाळ्या वाजवत होती. मी काय करत होते ते सांगत नाही, पण चष्मा पुसावा लागला.

दहा मिनिटं म्हणून आलेला किशोर सात वाजेपर्यंत हलला नाही. खेळ सुटला तेव्हा पौर्णिमा आली, कोपरातून रक्त, केसात मुरूम, तोंड लालबुंद. बापासमोर येऊन उभी राहिली आणि वाट पाहू लागली.

किशोरने खिशातला रुमाल काढून तिच्या कोपराला बांधला. बांधायला त्याला फार वेळ लागला. "घरी तू अशी हसत नाईस व," तो म्हणाला. "मले वाटे, तू हायेसच कमी बोलणारी."

"घरी तुमी आठ वाजता येता बाबा," ती म्हणाली. "तवा मी थकून गेली असते."

तो माझ्याकडे वळून एकदम कामाचं बोलायला लागला. "ललिताबाई, त्या माधवीबाईची रात्रपाळी नऊले सुरू होते ना? मंग सातले इथून सुटली तर अमरावतीले पोचाले तास लागन. डबा मैदानावरच आणून द्या लागन. तिची आई देईन, नाईतर मी आणीन."

पौर्णिमाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने मातीच्या अंगाने बापाला अशी मिठी मारली की त्याचा पांढरा सदरा गेला कामातून.

"अन लोकायले काय सांगशील रे?" मनकर्णाबाईने काडी घातलीच.

"सांगीन, माही पोरगी एक्स-रे काढते," किशोर म्हणाला. "अन ज्याले पटत नसन त्यानं इची घोट्याची पकड पाहाले यावं."

बुधवारी आयुर्वेदाचा फॉर्म भरला गेला नाही. पण ते मला नंतर फोनवर कळलं. त्या मंगळवारी आम्ही मैदानावरून निघालो तेव्हा अंधारून आलं होतं, पोरी चुन्याची पोती उचलत होत्या आणि दुकानातून किशोरला तिसरा फोन येत होता. त्याने तो कापला, दोन पावलं चालला आणि मागे वळून पोरीला विचारलं.

"उद्याबी पाचलेच असते ना व?"